दोनशे बारापैकी दोनशे बारा

आमच्या कॉलेजात जर्नल उतरवायची जुनी चाल आहे. मागच्या वर्षीच्या मुलाचं जर्नल घ्यायचं, रीडिंगं जशीच्या तशी टिपायची, सरांची सही घ्यायची. प्रयोग खरंच केला का, हे कुणी विचारत नाही. मुलांचं एक वेळ मी समजू शकते. पण आमचे विभागप्रमुख शामकांत सर यांनी हाच उद्योग कॉम्प्युटरला शिकवला होता. ते कळलं त्या दिवशी मला अक्षरशः शिसारी आली.

ही १९९७ सालची गोष्ट. नगरजवळच्या त्या इंजिनिअरिंग कॉलेजात आम्ही शाळेतल्या मुलांसाठी मराठी आज्ञांची प्रोग्रामिंग भाषा करत होतो. त्या आज्ञा मशीनच्या भाषेत उतरवणारा प्रोग्राम, म्हणजे कंपायलर, माझ्याकडे; त्याची चाचणी घेणारा प्रोग्राम सरांचा. तो दोनशे बारा नमुना प्रोग्राम एकामागून एक कंपाइल करून चालवायचा, उत्तरं ताडून बघायचा आणि शेवटी सांगायचा: दोनशे बारापैकी दोनशे बारा पास. वर्षभर मी कंपायलरमध्ये इतके बदल केले, पण आकडा एकदाही हलला नाही. मीही खूश होते, कशाला खोटं बोलू?

मग तिसगावचे भिमाजी गुरुजी एसटीनं आले. त्यांच्या शाळेत आम्ही आमच्या भाषेची एक प्रत वापरायला दिली होती.

“मॅडम, पोरांचे प्रोग्राम मी सोता तपासले. बरोबर हायेत. पन मशीन म्हनतंय, चूक. आता पोरंबी म्हनत्यात, मशीन कसं चुकंल, आमालाच डोस्कं न्हाई. दोन पोरींनी तर यायचंच सोडलं.”

मी सरांचा प्रोग्राम उघडून वाचला. कंपायलर अडखळला, नवी फाइल बनलीच नाही, की हा पठ्ठ्या गेल्या वर्षी बनलेली फाइल चालवायचा. तिचं उत्तर बरोबर, म्हणून पास! वर चुकांचे संदेश स्क्रीनवर घाण दिसतात म्हणून सरांनी दडवलेले. मी दोनच ओळी घातल्या. चाचणीआधी जुनी फाइल पुसायची, नवी बनली नाही तर नापास. निकाल आला, एकसष्ट नापास.

“परवा समिती येतेय, प्रज्ञा मॅडम,” सर म्हणाले. “चाळीस शाळांत ही भाषा द्यायची मंजुरी त्यांच्या हातात आहे. त्या ओळी काढा. अहवालावर सही तुमचीही लागणार.”

“आणि मुलं, सर?”

“मुलं काय हो, शिकतात हळूहळू.”

मी ओळी काढल्या नाहीत. त्यांनी जुना प्रोग्राम, गेल्या वर्षीच्या फाइलींसकट, स्वतःच परत टाकला.

समितीच्या दिवशी भिंतींना ताजा चुना, टेबलावर शाली, नारळ, काजूच्या बश्या. सगळ्या थाटाची किळस येत होती. सरांनी बटण दाबलं. दोनशे बारापैकी दोनशे बारा. टाळ्या झाल्या आणि अहवाल माझ्यापुढे सरकला.

मी पर्समधून फ्लॉपी काढून काजूंशेजारी ठेवली.

“हे काय?” अध्यक्षांनी विचारलं.

“कंपायलर, साहेब. सकाळीच मशीनवरून काढून घेतला. आत्ता जे पास झाले, ते त्याच्याशिवाय.”

शामकांत सर नारळाकडे बघत राहिले. अध्यक्षांनी फ्लॉपी बघितली, स्क्रीन बघितली, एक काजू तोंडात टाकला.

“पण मॅडम, रिझल्ट तर शंभर टक्के आहे ना?”

आणि त्यांनी सही ठोकली.

माझ्या नावापुढची जागा कोरी सोडून मी फ्लॉपी उचलली आणि तिसगावची एसटी पकडली. त्या दोन पोरींना सांगायचं होतं की त्यांचं काहीच चुकलं नव्हतं.