अर्धा प्यालेला चहा

“ताई, मला सोडून गेलीस तर बघ!”

जिन्याच्या वरच्या पायरीवरून आलेला तो आवाज. मी बारा वर्षांची, धाकटी सात. मी नुसती दुकानात निघाले होते. परत येऊन बघते तर माझ्या वह्या टराटरा फाडलेल्या, आणि ही बया त्याच तुकड्यांवर गाढ झोपलेली.

पुढे तिने पुस्तकबांधणीचं काम धरलं. फाडणारे हात बांधू लागले. पण मालकाशी वाद, मैत्रिणींशी अबोला, माझ्यावरच जीव आणि माझ्यावरच जाळ, हे काही सुटलं नाही.

यंदा मात्र ती विझली. ना भांडण, ना घास. तीन महिने भिंतीकडे तोंड. गोळ्या लागू पडेनात, म्हणून भूल देऊन विजेचे शॉक द्यायचं ठरलं. दाखल करताना डॉक्टरीणबाईंनी विचारलं, “आधी स्वभाव कसा होता?”

“गुणी हो. शांत.”

मागच्या दवाखान्यात खरं सांगितलं होतं, तर ‘हा स्वभावाचाच विकार, शॉकने काय होणार?’ म्हणून आम्हाला वाटेला लावलं होतं.

सहा शॉक झाले. काल मला दहा मिनिटं उशीर झाला, तर तिने चहाचा कप भिरकावला. “आलीस कशाला? मेले असते तर सुटली असतीस!” घरी जाताना, नातेवाइकांनी रुग्णाबद्दल भरायच्या कागदावर मी रागाच्या भरात लिहिलं: फरक नाही.

आज डॉक्टरीणबाई वॉर्डातच तोच कागद पुढ्यात घेऊन बसल्या. “शांत बाई कप फेकायला लागली, आणि तुम्ही म्हणता फरक नाही. मग उरलेले शॉक थांबवावे लागतील.”

थोरल्या सिस्टर मध्येच म्हणाल्या, “फेकला खरा, पण आधी अर्धा प्यायली. महिन्यापूर्वी कपाला हात तरी लावत होती का? आणि नेम बघा, थेट माझ्या नव्या चपलेवर!”

डॉक्टरीणबाई हसल्या. “उदासी ओसरली की खालचा स्वभाव वर येतो. मुळातच तापट असलेल्या माणसांना गुण थोडा कमी येतो, नंतर सांभाळावंही जास्त लागतं. पण येतो. फक्त आजार कुठला आणि माणूस कुठलं, ते मला कळायला हवं.”

खिडकीशी माझी धाकटी बहीण सिस्टरांच्या उसवलेल्या वहीला डिंक लावत होती. तिचा हात थांबला. ती माझ्याकडेच बघत होती.

“डॉक्टर, मी खोटं सांगितलं,” मी म्हणाले. “ही शांत कधीच नव्हती. सात वर्षांची असल्यापासून फाडते, रुसते, चिकटते. आजारी होती ती गप्प पडलेली बाई. कप फेकणारी माझी बहीण आहे. उरलेले शॉक द्या. ती परत येतेय.”