कामणची कॉट

दारात चपलांचे दोनच जोड होते. तिथेच लिडियाला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. दुखवट्याच्या घरापुढे चपलांचा ढीग असतो, कोणीतरी बाकडं आणून टाकलेलं असतं, पुरुषमाणसं उगाच रस्त्याकडे बघत उभी असतात. इथे कामणच्या चाळीत शेजारीण निवांत लसूण सोलत होती आणि आत टीव्ही चालू होता.

या घरची सून हेमाली ओल्या हातांनी बाहेर आली. "टीचर, तुम्ही? एवढ्या उन्हात?"

"मला यायला उशीरच झाला गं," लिडिया म्हणाली. "आमच्या घरीही दुखणं आहे. सासूबाई शेवटी फार त्रास न होता..."

"कोन आलाय गं?" आतून खणखणीत आवाज आला.

हेमालीने लिडियाकडे पाहिलं, लिडियाने दाराच्या चौकटीकडे. मग लिडिया आत गेली. हेमालीच्या सासूबाई, मालनबाई, जमिनीवर अंथरलेल्या गादीवर पडून होत्या. पाठीशी दोन उशा, आणि त्या घसरू नयेत म्हणून मागे तांदळाचा डबा लावलेला.

लिडियाची पिशवी उघडीच होती. ख्रिस्ती घर असलं तर मेणबत्त्यांचा पुडा आणि हिंदू घर असलं तर चहापत्ती-साखर घेऊन ती दुखवट्याला जाई, हे आता सगळ्यांना पाठ झालं होतं. मालनबाईंनी पिशवीतली साखर पाहिली.

"मी मेली का काय?" त्यांनी विचारलं.

"नाही हो, सहज आणली."

"सहज कोन साखर आनतं? ठेव, ठेव. आनलीस तर ठेवून जा. मेल्यावर काय मला चहा मिलनाराय? हेमाली, टाक गं, टीचरला पन दे."

चहा पिताना हेमालीने हळूच विचारलं, "टीचर, कॉट झाली का रिपेअर? तुमचा मुलगा म्हणालेला, दोन दिवसात आणून देतो. मी फोन करणार होते, पण वस्तू तुमची. कसं विचारायचं? खाली वाकून वाकून माझी कंबर गेलीय. आणि आईंच्या पाठीला लाल पडायला लागलंय."

लिडियाने शिवणाच्या वर्गात मुलींचे कितीतरी वाकडे टाके उसवले होते. हा कुठून उसवायला घ्यावा, ते तिला सुचेना. ती एवढंच म्हणाली, "उद्या येईल कॉट."

परतीच्या बसमध्ये तिला बसायला जागा मिळाली. रस्त्याकडेची गोदामं आणि ट्रकच्या रांगा मागे पडत गेल्या. हीच लोखंडी कॉट, त्यांची पहिली, उमेळ्याच्या त्यांच्या घरात आली, तेव्हा घराच्या तिन्ही बाजूंना केळी होत्या आणि पाटाचं पाणी थेट मागच्या दारापर्यंत येई. वसईतलं एक जुनं प्रसूतिगृह बंद झालं, तिथून तिच्या नवऱ्याने, फ्रान्सिसने ती आणली होती, आपल्या आईसाठी. डोक्याकडची बाजू वर करायचा दांडा मोडलेला होता. फ्रान्सिस कारखान्यात फिटर होता. त्याने नवा दांडा घडवला आणि कॉटला हिरवा रंग दिला. आई गेली त्याच आठवड्यात गावातल्या एकाने कॉट मागितली. लिडियाने दिली.

मग लोक स्वतःहून वस्तू आणून देऊ लागले. वॉकर आले, चाकांच्या खुर्च्या आल्या, कमोड आले. पडवी भरली. "जावई आला तर कुठे बसवू?" फ्रान्सिस म्हणायचा. "कमोडच्या खुर्चीवर?" पण कोणाचं चाक अडकलं की पाना घेऊन तोच बसायचा.

लिडियाचा नियम एकच होता. दिलेली वस्तू मागायची नाही. माणूस बरा झाला की ती येते, नाहीतर माणूस गेला की येते. गेला असेल तर आपण त्या घरी जाऊन बसून यायचं. अशी घरं किती झाली, याचा हिशेब तिने ठेवला नव्हता. फ्रान्सिसने बहुधा ठेवला असावा.

घरी पोचली तेव्हा ऑस्कर बापाजवळ बसला होता. त्याची बायको शॅनन पेज भरवून नुकतीच उठली होती. विहिरीच्या कट्ट्याजवळ पाय घसरून फ्रान्सिसचं कमरेचं हाड मोडलं, तेव्हापासून दोघं आपला फ्लॅट सोडून इथेच राहत होती. फ्रान्सिस हिरव्या कॉटवर टेकून बसला होता.

"कामणची म्हातारी जिवंत आहे," लिडियाने चपला काढता काढता सांगितलं.

ऑस्कर उठला. "मम्मी, ऐक..."

"जमिनीवर पडलीय ती. पाठ लाल झालीय."

"मग आपण काय करायचं? डॅडींना जमिनीवर टाकायचं? आयुष्यभर दिलीस ना लोकांना? एकदा आपल्याला लागली तर लगेच पाप?"

"तू मला म्हातारी गेली म्हणून सांगितलंस."

"नाहीतर तू आणू दिली असतीस?"

"नसती दिली. भाड्याने मिळते ती आणली असती. वसईत दुकानं काय कमी आहेत?"

"तेच मी पण बोललो..." ऑस्कर म्हणाला आणि मध्येच थांबला. त्याने बापाकडे पाहिलं.

"पोराला बोलू नको," फ्रान्सिस म्हणाला. "कॉट आन म्हणून मीच सांगितला त्याला. म्हातारी गेली असं सांग, ते पन मीच."

लिडिया खुर्चीवर बसली. शॅनन भांडं घेऊन आत गेली ती आतच थांबली.

"तुम्हाला माहीत होतं, मी भेटायला जाणार."

"माहीत होतं." फ्रान्सिसने दांड्यावर हात ठेवला. "म्हटलं, या खेपेला नाय जाणार. मी असा पडलोय म्हणून नाय जाणार. आठवडाभर गेली नायस. मला वाटलं, जिंकलो मी." त्याने दांड्यावरचा हात काढून घेतला. "सकाळी तू साखर पिशवीत भरलीस, तेव्हा समजला."

त्याने तक्रार केली नाही. बाजारात वांगी महाग झाल्याचं सांगावं तसं सांगितलं. लिडियाने त्याच्याकडे पाहिलं. त्याची दाढी दोन-तीन दिवसांची वाढली होती. इतर कुठल्याही घरी हेच आधी तिच्या नजरेत आलं असतं, आणि तिने त्या घरच्यांना सांगितलंही असतं.

"कॉट उद्या जाणार," ती म्हणाली.

"जाऊ दे. मी कुठे धरून बसलोय?"

ऑस्कर म्हणाला, "मी आजच्या आज बटणवाली घेऊन येतो भाड्याने."

"नको. मला आतल्या पलंगावर टाक," फ्रान्सिस म्हणाला. "पाठीला लोड लाव. बटन दाबून काय मी उडनाराय?"

दुसऱ्या दिवशी दुपारी टेम्पो आला. फ्रान्सिसला पलंगावर नेताना ऑस्कर आणि टेम्पोवाला दोघांना घाम फुटला. फ्रान्सिस डोळे मिटून होता, पण त्याने आवाज केला नाही. कॉट उचलायच्या आधी त्याने ऑस्करला हाक मारून दांड्यात तेल घालायला लावलं. दांडा कुठे अडतो, तेही सांगितलं. लिडिया कॉटबरोबर गेली नाही. ऑस्कर एकटाच गेला. हेमालीची माफी मागायची की नाही, ते तिने त्याच्यावर सोडलं.

संध्याकाळी लिडियाने फ्रान्सिसची दाढी केली, चेहरा पुसला, पाणी टाकून आली. मग बाहेरची खुर्ची आत आणली आणि पलंगापासून हातभर अंतरावर ठेवली. घराघरांत जाऊन ती अशीच बसत आली होती. पर्स मांडीवर आणि त्यावर दोन्ही हात. दुसऱ्या कुठल्या तऱ्हेने आजाऱ्याजवळ बसायचं, ते तिला खरोखरच येत नव्हतं.

"काय म्हणतं दुखणं?" तिने विचारलं.

फ्रान्सिसने तिच्याकडे पाहिलं, मग पर्सकडे.

"बरा हाय," तो म्हणाला. "रात्री जरा ठणकतो."

"जेवण जातं का?"

"जातं थोडं. सून चांगली हाय. बायकोला येळ नसतो." जराशाने तो म्हणाला, "तुम्ही आलात, बरं वाटलं, टीचर."

ती हसली नाही. तोही हसला नाही. तिने पुढचं विचारलं, झोप लागते का, आणि त्याने ते नीट, सविस्तर सांगितलं. रात्री जाग आली की मागच्या वाडीतल्या केळी आठवतात, म्हणाला. कुठली केळ कुठे होती, कोणत्या वर्षी वादळात कोणती गेली. तिथे आता बिल्डिंग आहे, हे ठाऊक असतं, तरी एकेक आठवत जातो. लिडियाने हे कधी ऐकलं नव्हतं. तिलाही त्या वाडीतलं बरंच आठवत होतं, पण ती बोलली नाही. आजारी माणूस बोलत असताना मध्ये बोलायचं नाही, ही तिची जुनी सवय होती.

फाटकाशी कोणीतरी हाक मारली. "टीचर आहेत का? वॉकर पाहिजे होता."

लिडियाचे हात पर्सवरून उचलले गेले. ऑस्कर अजून कामणहून आला नव्हता, शॅनन चर्चमध्ये मिस्साला गेली होती.

फ्रान्सिसने उशीवरून मान उचलली. त्याचा आवाज घोगरा झाला होता, तरी तो फाटकापर्यंत गेला.

"टीचर घरात नायत," तो म्हणाला. "पेशंटकडे गेल्यात."

लिडिया जागची हलली नाही. बाहेरचा माणूस थोडा वेळ उभा होता. मग फाटकाची कडी वाजली.