एकतीस फूट

सत्त्याऐंशी साली मी बीदरला भूजलाच्या कामावर होतो आणि कॉम्प्युटरवर माझा देवापेक्षा जास्त विश्वास होता. बेंगळूरच्या त्या यंत्रात आम्ही अख्खं पठार भरलं होतं: पाऊस, लाल दगड, चाळीस विहिरींचं पाणी. जमिनीखालचं पाणी कसं वाहतं ते या मॉडेलवरून कळणार होतं, आणि बोअर कुठे पाडायची तेही ठरणार होतं.

एकोणचाळीस विहिरी जुळल्या. मंठाळच्या पुढच्या एका गावची तेवढी जुळेना. मॉडेल म्हणे पाणी अठरा फुटांवर, वहीत एकतीस.

"तो ग्यानबा घरी बसून आकडे लिहितो. त्याला काढून टाका," आमचे तात्याराव साहेब म्हणाले.

मलाही पटलं. ग्यानबाला मीच नेमलं होतं. खडू लावलेली पट्टी विहिरीत सोडायची, कुठवर भिजली ते वाचून महिन्याला एकदा लिहायचं. एवढंही जमू नये? मी तणतणत बस धरली.

ग्यानबानं मला बौद्धवाड्यातल्या, पठाराच्या कड्यालगतच्या विहिरीवर नेलं आणि पट्टी सोडली. एकतीस.

"अरे, ही नव्हे! गावची विहीर सांगितली होती. मारुतीपुढची."

"तितं मला पट्टी सोडू देत न्हाईत, साहेब."

"मग सांगितलं कामून न्हाई?"

"तुमी गावची म्हनलाव. ही बी गावचीच हाय की."

माझा राग कुठल्या कुठे गेला. मारुतीपुढच्या विहिरीचं पाणी पिऊन नकाशावर टिंब मीच काढलं होतं. याच भागातल्या दुबलगुंडीत वाढलेल्या मला हे ठाऊक नव्हतं थोडंच? लाज वाटली. चूक माझी, तुझं काम राहील, असं मी त्याला सांगितलं आणि मारुतीपुढे घेऊन गेलो.

चार माणसं जमली. "पट्टी कुणाची?" निंगप्पा नावाच्या म्हाताऱ्यानं विचारलं.

"सरकारची. आणि मोजणार ग्यानबाच."

ग्यानबानं पट्टी आत सोडली. पट्टी वर आली. अठरा!

यंत्र खरं ठरलं म्हणून मी हरखून नकाशा उघडला. पाणी अठरा फुटांवर, म्हणून या गावाला नकाशात बोअर धरलेलीच नव्हती.

ग्यानबा वाकून बघत राहिला. "यंत्राला आमची विहीर दिसती का, साहेब?"

"नाही. तिथं टिंबच नाही."

त्यानं कानावरची पेन्सिल काढून माझ्या हातात दिली.

"मग काढा."