नव्या मॅडमची पहिली सही

"वहिनी, पिंजऱ्याची घाई करू नका. नर हाय का मादी, एवढं तरी आधी बघू द्या."

वनरक्षक देवराम ओट्यावर बशीतला चहा फुंकत असं म्हणाला, तेव्हा शुभांगीनं ते कानाआड केलं होतं. दारणा नदीकाठचा मळा, पुढं शेवंती, मागं ऊस, आणि घरात रांगती वेदिका. पलीकडच्या पाचटाच्या, बिनदाराच्या झापात एकट्या राहणाऱ्या कुसाबाईची शेळी बिबट्यानं भर दिवसा उसात ओढून नेलेली. बघायचं काय राहिलं होतं? बीएस्सी झालेल्या शुभांगीनं नीटनेटका अर्ज लिहिला, वस्तीतल्या सगळ्यांच्या सह्या घेतल्या. राज्याच्या वन्यजीव विभागाच्या प्रमुखांनी नागपुरात निवृत्त होता होता शेवटची सही केली, ती ह्याच पिंजऱ्याच्या परवानगीवर.

पिंजऱ्यात सापडली ती मादी. सड दुधानं तटतटलेले. तिला गाडीत घालून नेलं आणि उसातून मांजरासारखं बारीक रडणं ऐकू यायला लागलं.

दोन पिल्लं होती. देवरामनं ती जागची हलवली नाहीत. पाचटावरच त्यांच्याभोवती फुलांच्या क्रेटांचा आडोसा केला आणि शुभांगीकडे न बघता म्हणाला, "मादीला परत सोडायचं तर मोठ्या साहेबांची सही लागती. अन् खुर्ची तर रिकामी."

"कधी भरणार?"

"ते वर ठरतं. तवर पिल्लांनी काय खायचं, ते कोनी ठरवत नाय."

शेवटी दूध आलं कुसाबाईकडून. उरलेल्या शेळीची धार काढून तिनं तांब्या देवरामच्या हातात आपटला. "ह्यांच्या आईनं माझी एक शेळी खाल्ली. आता दुसरीचं दूध तिच्या पोरांना. लय चांगला न्याय हाय तुमच्या सरकारचा."

पिल्लं दूध चाटायची कमी, सांडायची जास्त. दिवसागणिक त्यांचं रडणं बारीक होत गेलं. वेदिकाला पदराखाली घेतलं की शुभांगीचे कान उसाकडे लागत. आवाज आला तरी जीव खालीवर, नाही आला तरी.

एका संध्याकाळी ज्ञानेश सातपूरच्या कारखान्यातून फर्स्ट शिफ्ट करून आला. हेल्मेट न काढताच त्यानं बायकोपुढे पेपर धरला. "हे बघ, नेमणूक झाली. लोखंडे बाई."

नाव दुसऱ्याच कुणाचं चाललं होतं. मंत्र्यांच्या मर्जीतला माणूस, त्याचे हार-तुरेसुद्धा तयार होते म्हणे. देवरामला बातमी कळली तसा तो ओट्यावर बसला आणि टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "आमच्या बाई. इथं होत्या तवा जीप चिखलात फसली, तर साडी खोचून ढकलायला उतरल्या होत्या. आता बघा वहिनी."

दुसऱ्या दिवशी दुपारी घरचा फोन वाजला.

"मी लोखंडे बोलतेय, नागपूरहून. पिंजऱ्याचा अर्ज तुमचाच ना?"

"हो मॅडम."

"चार्ज घेतला आणि पहिली फाईल हीच मागवली. मादी जिथं धरली तिथंच सोडायची, माझी तयारी आहे. पण लोकांच्या डोक्यावर आणून सोडणार नाही. घरात लहान कोण आहे?"

"मुलगी. रांगते."

"मग घाबरून हो म्हणू नका, आणि घाबरून नाहीही म्हणू नका. वस्तीला विचारा. मी फोनजवळच आहे."

शुभांगी वेदिकाला कडेवर घेऊन दारोदार फिरली. मुलं दिवेलागणीच्या आत घरात, शेळ्या बंद गोठ्यात, उसाच्या कडेला कुणी वाकून बसायचं नाही. देवरामनं सांगितलेलं सगळं ती सांगत गेली. माणसं कुरकुरली, एकानं "अर्जाला सह्या घेतानाही तूच आली होतीस की" असा टोमणाही हाणला, पण माना हलल्या. राहिली कुसाबाई.

"तुझ्याकडं नवरा हाय, दार हाय. माझं झाप उसाला लागून. मला नेलं तर कळायचं कुनाला?"

"मावशी, तुम्ही म्हणाल ते करते."

म्हातारी बराच वेळ वेदिकाच्या पायातला वाळा फिरवत राहिली. "रोज दिवा लागला की मला हाक मारायची. मी ओ देईन. नाय दिली, तर मानसं घेऊन यायचं. हाय कबूल?"

"कबूल."

नव्या मॅडमची पहिली सही त्याच दिवशी फॅक्सनं आली. ऊन कलताना गाडी उसाला पाठ लावून उभी राहिली, टपावरून देवरामनं पिंजऱ्याच्या दाराची दोरी ओढली. पिवळी रेघ उसात शिरली. पुन्हा सगळं चिडीचूप.

सकाळी क्रेटांच्या आत पाचट तेवढं उरलं होतं. ओल्या सरीत मोठी पावलं नदीकडे गेली होती. देवराम लहान पोरासारखा हसत होता, ज्ञानेशनं पेढे आणले, आणि कुसाबाईनं दोन उचलले. एक शेळीच्या नावाचा.

तेव्हापासून शुभांगीची हाक एकदाही चुकली नाही. पण आता ती दुसऱ्या बाळंतपणाला चांदवडला माहेरी निघालीय, ज्ञानेशला सेकंड शिफ्ट लागलीय, आणि तिचा जीव झापापाशी अडकलाय. म्हणून तिचं तुमच्याकडे एवढंच मागणं आहे. दारणेच्या बाजूला असाल, तर दिवेलागणीला उसाच्या अलीकडे थांबून "कुसाबाई" अशी हाक माराल का? आणि ओ येईपर्यंत हलू नका.