कप्तान आजोबांचं बंदर

“आजोबा, फक्त तुमचं बंदर राहिलंय. पटकन बोला, मला रंग भरायचाय,” मॅनेजर म्हणाली.

मॅनेजर म्हणजे त्यांची मोठी नात. वय बारा, पण ती हुकूम सोडायला लागली की घरातली मोठी माणसंही मुकाट्याने कामाला लागायची, म्हणून आजीनेच तिला हे नाव ठेवलं होतं. जेवणाच्या टेबलावर तिने भलामोठा कागद पसरला होता. त्यावर निळा समुद्र, समुद्रात तिने काढलेलं गलेलठ्ठ जहाज आणि जहाजाच्या वाटेवरची सगळी बंदरं. पुढच्या महिन्यात सगळं घर या जहाजातून फिरायला निघणार होतं. नियम मॅनेजरनेच केला होता. प्रत्येकाने एक बंदर घ्यायचं, तिथे उतरून काय करायचं ते त्यानेच ठरवायचं, आणि बाकीच्यांनी कुरकुर न करता त्याच्यामागून चालायचं.

नियम सोपा होता, तरी आठवडाभर घरात नुसती रणधुमाळी चालली होती. डोंगरावरचा किल्ला आणि तिथे नेणारा रोप-वे मॅनेजरने सगळ्यांच्या आधी बळकावला. तिचा धाकटा भाऊ टिल्लू डॉल्फिनसाठी अडून बसला. डॉल्फिन दिसलेच नाहीत तर काय करायचं, असं विचारलं की तो “दिसणार” एवढंच म्हणायचा. त्यांच्या बाबाने संग्रहालय निवडलं तेव्हा दोन्ही पोरांनी नाकं मुरडली आणि नियमाची आठवण करून दिल्यावर ती सरळ केली. सूनबाईने वाळूत आडवं पडून काहीही न करायचं बंदर घेतलं. आजीने बाजार घेतला, आणि पिशव्या कोण धरणार तेही तिथल्या तिथे सांगून टाकलं.

“माझं हे,” आजोबांनी शेवटून दुसऱ्या बंदरावर बोट ठेवलं.

“तिथे काय करायचं?”

“उजाडायच्या सुमाराला उठायचं आणि सगळ्यांनी डेकवर कठड्याशी येऊन उभं राहायचं.”

मॅनेजरचा खडू थांबला. “मग?”

“मग पायलट चढताना बघायचा.”

“विमान पण आहे बोटीवर?” टिल्लू खुर्चीवर उभाच राहिला.

“विमानाचा नाही रे, बंदराचा पायलट. तिथले खडक, वाळू, पाण्याची ओढ, सगळं त्याला पाठ असतं. लाँच नावाच्या छोट्या बोटीतून तो बाहेर समुद्रात येतो, चालत्या जहाजावर चढतो आणि जहाज आत आणतो.”

“आणि कप्तान काय करतो?”

“शेजारी उभा राहून त्याचं ऐकतो.”

टिल्लूला हे अजिबात पटलं नाही. कप्तान कुणाचं ऐकतो, हीच त्याच्या मते बंडलबाजी होती, आणि ती आजोबांनी करावी याचं त्याला फार वाईट वाटलं. कारण त्याचे आजोबा स्वतः कप्तान होते. बिल्डिंगचा वॉचमन त्यांना कप्तानसाहेब म्हणायचा, खालचा दुकानदार कप्तानसाहेब म्हणायचा, आणि टिल्लूने तर शाळेत सांगून ठेवलं होतं की वाटेत त्या जहाजाचा कप्तान आजारी पडला तर काळजी नाही, आजोबा आहेत.

“शेवटच्या दिवशी कप्तान सगळ्या मुलांना भेटतो,” तो म्हणाला. “मी तुम्हाला घेऊन जाणार. म्हणजे दोन कप्तान एकमेकांना सॅल्यूट करतील.”

आजोबांनी बंदरावरचं बोट उचललं नाही. त्या भेटीच्या आधी खरं काय ते पोरांना दिसावं, म्हणूनच तर त्यांनी शेवटून दुसरं बंदर घेतलं होतं.

आजोबा कप्तान नव्हते. उभी नोकरी त्यांनी बंदराची लाँच चालवली होती. पायलटला घेऊन जायचं, जहाजाला चिकटायचं, पायलट चढला की परत यायचं. वारा असो, धुकं असो, लाटा डोक्यावरून जाऊ देत, जहाज आलं की लाँच निघायची. हे काम आपल्याइतकं चोख त्या बंदरात कुणी केलं नाही, याबद्दल आजोबांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती, आणि असं म्हणायला ते लाजतही नसत. फक्त त्यांना तसं म्हणायची वेळ कुणी येऊ देत नव्हतं. मुलगा शाळेत असताना त्याने कुठेतरी कप्तान म्हणून ठोकून दिलं. पुढे त्याच्या लग्नाच्या बोलण्यांतही तोच शब्द आला. तेव्हा आजोबा हसले. मग तो शब्द असा काही चिकटला की त्याच्याखाली खरा माणूस दिसेनासा झाला.

“हे काही बंदर नाही झालं,” मॅनेजरने निकाल दिला. “हे तर बंदराच्या आधीच संपतंय. आणि फुकट आहे.”

“आयुष्य गेलं लाटांत,” आजी आतून म्हणाली, “आता सुट्टीतही पहाटे उठून लाटाच बघणार. धन्य आहे बाई!”

“नियम म्हणजे नियम,” आजोबा म्हणाले. “कुरकुर नाही.”

मॅनेजर स्वतःच्याच नियमात अडकली. तिने नाइलाजाने त्या बंदरापाशी एक छोटी बोट काढली आणि ती पिवळी रंगवली.

जेवणं झाल्यावर मुलगा भांडी विसळत होता आणि आजोबा पुसून ठेवत होते. मग मुलगा नळ बंद करून म्हणाला, “बाबा, कशाला उगाच? पोरांना कप्तान वाटतंय तर वाटू दे ना. आपलं काय जातंय?”

“माझं जातंय.”

“टिल्लू किती मिरवतो माहितीये तुम्हाला?”

“कुणाला मिरवतो? मला नाही मिरवत. तो दुसऱ्याच कुणालातरी मिरवतो,” आजोबांनी ताटली ठेवली. “तुला माझी लाज वाटायची का रे?”

मुलगा एकदम वळला. “लाज नाही हो बाबा! शपथ. पण लाँच चालवायचे म्हटलं की लोक ‘अच्छा’ म्हणतात आणि दुसरं बोलायला लागतात. पुढे काही विचारतच नाहीत. ते मला सहन व्हायचं नाही.”

“नाही विचारलं तर आपण सांगावं.”

“काय सांगणार? मी कधी बघितलंय?”

हे मात्र खरं होतं. लाँचवर घरच्यांना नेता येत नसे. मुलाने बापाला पाहिलं होतं ते ओल्या कपड्यांनी दारातून आत येताना, जेवताना आणि झोपताना.

“मग आता बघ,” आजोबा म्हणाले आणि उरलेले चमचे पुसायला घेतले.

जहाज निघालं आणि मॅनेजरच्या कागदाप्रमाणे सगळं पार पडलं, म्हणजे जवळजवळ सगळं. किल्ल्यावर रोप-वे बंद होता आणि सगळ्यांना पायऱ्या चढाव्या लागल्या. डॉल्फिन खरंच दिसले, त्यामुळे टिल्लूशी दोन दिवस बोलायची सोय राहिली नाही. संग्रहालयात पोरांना इतकं आवडलं की त्यांना ओढून बाहेर काढावं लागलं. आणि आजीच्या बाजारात पिशव्या आजोबांनीच धरल्या.

मग त्यांचं बंदर आलं.

उजाडत होतं. वारा चांगलाच होता. डेकवर दोन-चार हौशी माणसं कॉफीचे कप घेऊन उभी होती. आजोबांनी घरातल्या सगळ्यांना बाहेर काढलं होतं. सूनबाई शाल गुंडाळून डोळे मिटूनच उभी होती, टिल्लू पायजम्यावर आला होता. आजोबांनी वाऱ्याकडे तोंड केलं, क्षणभर हिशेब केला आणि सगळ्यांना उजव्या कठड्याशी ओळीने उभं केलं.

“लाँच नेहमी आडोशाला येते. जिकडून वारा, त्याच्या उलट बाजूला. इथेच येणार. बघत राहा.”

सगळे बघत राहिले. लांब किनाऱ्यावर दिवे होते, खाली काळं पाणी होतं. लाँच काही दिसेना. वारा सरळ तोंडावर येत होता आणि आजीचा पदर सारखा उडत होता.

“अहो, आडोसा म्हणता आणि मी तर गारठून चाललेय,” ती म्हणाली.

आजोबांच्या कपाळावर आठी पडली. त्यांनी पुन्हा वाऱ्याकडे पाहिलं, मग जहाजाच्या नाकाकडे, आणि एकदम कपाळावर हात मारला. जन्मभर त्यांनी जहाज पाहिलं होतं ते समोरून, आपल्या अंगावर येताना. लाँच येताना ते जहाजावर उभे होते ते आज पहिल्यांदाच, आणि सवयीने त्यांचं डावं-उजवं उलटं झालं होतं.

“पलीकडे! चला, पलीकडे!”

“आजोबा, आली! पिवळी आहे!” मॅनेजर केव्हाच दुसऱ्या बाजूला पळाली होती.

सगळं घर डेकवरून धावत सुटलं. मुलाने टिल्लूला काखेत मारलं, आजीने पदर खोचला, सूनबाईचे डोळे आता टक्क उघडले होते. आजोबा सगळ्यांत शेवटी पोहोचले आणि कठडा दोन्ही हातांनी धरून खाली वाकले.

इकडे वारा नव्हता, पण लाटा होत्या. जहाजाच्या पोटात, पाण्यापासून थोडं वर, एक दार उघडलं होतं आणि त्यातून दोरीची शिडी लोंबत होती. तिच्याखाली ती पिवळी लाँच जहाजाच्या बरोबरीने पळत होती. वरून पाहताना ती एवढीशी दिसत होती. एक लाट तिला वर फेकायची, दुसरी खाली ओढायची. पुढच्या बाजूला नारिंगी जाकीट घातलेला एक माणूस एका हाताने आधार धरून उभा होता.

“तो पायलट?” टिल्लूने विचारलं.

“हो. पण त्याच्याकडे नको बघू. काचेच्या आत बघ. सुकाणूच्या चाकाशी.”

काचेआड एक टोपी आणि दोन हात दिसत होते, बाकी काही नाही.

“तो काय करतोय?” मॅनेजरने विचारलं.

“लाँच चिकटवून धरतोय. सैल सोडली तर मध्ये फट पडेल आणि माणूस फटीत जाईल. फार दाबली तर लाँच आपटेल. आणि दोन्ही बोटी पळतायत. आता लाट मोजतोय बघ. लाँच लाटेच्या माथ्यावर आली की तेवढ्या क्षणात शिडी धरायची. आधी धरली तर पाय खाली राहतो, उशिरा धरली तर मागून लाँच वर येऊन पाय चिरडते. तो क्षण पायलटला कळत नाही. चाकावरच्या माणसाला कळतो. तो सांगतो तेव्हाच पायलट पाऊल उचलतो.”

“काय सांगतो?”

एक मोठी लाट येत होती. आजोबांचे हात कठड्यावर आवळले गेले, डावा खांदा किंचित खाली गेला, ओठ हलले.

“आता!”

नारिंगी माणूस शिडीवर होता. खाली लाँच धाडकन पाण्यात बसली, पण तोवर तो दारापाशी पोहोचला होता. आतून दोन हात आले आणि त्याला आत घेऊन गेले.

आजीने इतका वेळ धरून ठेवलेला श्वास सोडला. “हे रोज करायचात?” ती हळूच म्हणाली. “आणि घरी येऊन म्हणायचात, काही विशेष नाही.”

टिल्लू आजोबांच्या तोंडाकडे बघत होता. “आजोबा, तुम्ही काचेच्या आत असायचात?”

“हो.”

“म्हणजे तुम्ही कप्तान नव्हता.”

“नव्हतो,” आजोबा म्हणाले. “कप्तान वर उभे असायचे. इथे, मी आत्ता उभा आहे तिथे.”

टिल्लूने कठड्यातून खाली पाहिलं, मग वर पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर बरीच उलथापालथ चालली होती. “मी उद्या कप्तानाला विचारणार,” तो शेवटी म्हणाला, “त्याला असं येतं का.”

शेजारी कॉफीचा कप घेऊन एक गृहस्थ उभे होते. त्यांनी मुलाला सहज विचारलं, “काय चाललंय हो? कोण चढलं?”

“बंदराचा पायलट,” मुलगा म्हणाला. “पण खरं काम ती लाँच चालवणाऱ्याचं असतं. माझे वडील ती चालवायचे.”

“अच्छा,” गृहस्थ म्हणाले आणि कप तोंडाला लावला.

या वेळी मुलगा गृहस्थांच्या आणखी जवळ सरकला आणि सांगायलाच लागला. चिकटवून कसं धरायचं, फट कशी पडू द्यायची नाही, लाटेचा माथा कसा ओळखायचा. नुकतंच ऐकलेलं सगळं तो हातवारे करून सांगत होता, आणि त्याचा आवाज चढत चालला होता. गृहस्थ कप खाली धरून ऐकायला लागले. पलीकडचे दोघेही जवळ आले.

“धुक्यात, वादळात, कधीच खाडा नाही,” मुलगा म्हणाला. “आणि इतक्या वर्षांत एकही पायलट पाण्यात पडला नाही!”

लाँच वळली होती आणि मागे पांढरा फेस सोडत बंदराकडे निघाली होती. चाकावरच्या माणसाने वर पाहिलं नाही. त्याला तेवढी सवड नसते, हे आजोबांना माहीत होतं. टिल्लू तरीही दोन्ही हात हलवत होता.

“एक पडला होता,” आजोबा लाँचवरची नजर न काढता म्हणाले. “पण मी त्याला काढला.”

सगळे त्यांच्याकडे वळले. मुलाचा वर उचललेला हात तसाच राहिला.

“कधी?” त्याने विचारलं.

आजोबांनी सांगायला सुरुवात केली. नाश्त्याची वेळ होऊन गेली, जहाज धक्क्यालाही लागलं, तरी कठड्यापासून कुणी हललं नाही.