आतून लावलेली कडी

"पुन्हा म्हण! म्हण ना, की तुझी सख्खी बहीण तुझ्या घरात आली नाही!" ताईने इस्त्री उभी आपटली. "वीस दिवस झाले मला येऊन. वीस दिवस लिहितेय. एक अक्षर तरी टाकलंस उत्तराचं?"

"खोटं नको बोलूस ताई."

"मी खोटं बोलते?"

"माझ्या घरात कोण कोण आहे ते मला माहीत नाही होय? चार जण आहेत. एक मी. एक प्रोफेसर. एक दवाखान्यातला कंपाउंडर, तो 'टेस्टिंग टेस्टिंग' लिहून जो पळाला तो पळालाच. आणि चौथं मांजर."

"मांजर? मांजराचं पण खातं उघडलंस?"

"आकडा दिसायला नको का!"

शर्ट न्यायला आलेले एक काका फिस्सकन हसले. फ्यूजने त्यांच्याकडे असं पाहिलं, की बिचारे शर्टाची घडी न बघताच निघून गेले.

त्याला सगळे फ्यूजच म्हणायचे. वायरमन होता म्हणून, आणि अर्ध्या मिनिटात उडायचा म्हणून. आणि हे घर काही विटांचं नव्हतं. त्याच्या खोलीत पलंगाखाली एक जुना कॉम्प्युटर दिवसरात्र घुरघुरत असायचा, ते घर. दोन वर्षांपूर्वी त्याने आणि प्रोफेसरने मिळून ते उभं केलं. प्रोफेसर म्हणजे त्याचा दोस्त. कुठल्या कॉलेजात शिकवत नव्हता, दुसरीत असल्यापासून चष्मा होता एवढंच. अशी घरं इंटरनेटवर जगभर हजारो आहेत. कोणीही उभारावं, कोणीही राहावं, आणि आपल्या घरात बसून दुसऱ्या घरातल्यांशी गप्पा माराव्यात. वर कोणी कंपनी नाही, मध्ये जाहिराती नाहीत. ज्याचं घर त्याचा कारभार.

फ्यूजच्या घरात कारभारी फ्यूज, रयत प्रोफेसर. दोघं दिवसभर लिहीत बसायचे. कोणाच्या मीटरमध्ये पाल निघाली, कोणाचा साहेब टोपीखाली काय लपवतो, असलं सगळं. मग प्रोफेसरला लांबच्या शहरात नोकरी लागली. जाताना म्हणाला, "आपण दोघंच बोलतो रे, त्याला एवढा पसारा कशाला? महिनाभरात तीस माणसं आण. नाही आली तर महिना संपेल त्या रविवारी संध्याकाळी सहाला पत्ता बंद करून टाकतो." घराचा पत्ता त्याच्या नावावर होता. पत्ता बंद म्हणजे घर कोणाला सापडणारच नाही. दोन वर्षांच्या गप्पा गेल्या.

आणि फ्यूजला दुसरं होतं कोण? लोक त्याच्याशी दिवे गेले की बोलायचे. दिवे आले की बोलणं संपलं, दार बंद, हा जिन्यात पक्कड पिशवीत टाकत उभा.

म्हणून त्याने पोस्टर केलं. स्वतःच्या वाकड्या अक्षरात लिहिलं : 'मालक नसलेली जागा. या, बोला.' खाली फोन धरायचा काळा चौकोन. साठ कागद चिकटवले, सलूनच्या काचेवर, बसथांब्यावर, स्टेशनरीवालीच्या शटरवर. दिवसातून शंभरदा आकडा बघायचा. चार. मांजर धरून चार.

आज तोच रविवार. पाच वाजून गेल्यावर उरलेले दहा कागद घेऊन तो ताईच्या लाँड्रीत आला, आणि खळ लावता लावता तोंडातून निघून गेलं, "सगळ्या गावाचं जाऊ दे, सख्खी बहीण आली नाही." मग जे व्हायचं ते झालं.

ताईने फोन त्याच्या नाकासमोर धरला. "बघ. डोळे उघडून बघ."

ताईचंच नाव. खाली घराचं नाव : मोठं घर.

"हे माझं घर नाही."

"तुझ्याच कागदावरचा चौकोन होता!"

फ्यूजने स्वतःचा फोन काढला आणि स्वतःच्याच पोस्टरवर धरला. महिनाभरात पहिल्यांदा. साठ कागद चिकटवले पण एकदाही धरून बघितला नव्हता. असली कामं करायला प्रोफेसर नव्हता, मग चौकोन त्याने सगळ्या घरांच्या सामाईक पानावरून उचलला होता. ते पान उघडलं. घरांची यादी. सगळ्यात वर मोठं घर, हे एवढं हिरवं बटण. त्याचं स्वतःचं घर शोधायला अंगठा दुखेपर्यंत खाली जावं लागलं.

"लोक काय करणार?" ताई म्हणाली. "पहिलं दार दिसलं, शिरलो. पण तूच म्हणालास ना, कुठल्याही घरातून कुठेही बोलता येतं? मग मी लिहिलेलं तुला दिसलं का नाही?"

फ्यूज खळीच्या वाटीत बोट फिरवायला लागला. तो उडाला नाही म्हणजे काहीतरी जळलंय हे ताईला लहानपणापासून माहीत होतं.

"काय केलंस?"

"कडी लावली."

"कसली कडी?"

कागद लावल्याच्या दुसऱ्याच दिवशी मोठ्या घरातल्या कोणीतरी विचारलं होतं, घर आहे का काडेपेटी? याचं डोकं फिरलं. कारभाऱ्याला एक बटण असतं, दुसऱ्या अख्ख्या घराला आपलं दार बंद करायचं. दाबलं. एका माणसाचा राग, आणि तीस हजार माणसं बाहेर. त्या संध्याकाळी फार बरं वाटलं होतं.

"म्हणजे स्वतःच कागद लावून लोकांना तिकडे धाडलंस, आणि इकडे आतून कडी?"

"हो म्हटलं ना!"

ताई हसणार होती, पण त्याचं तोंड बघून हसली नाही. तिने बोटाने दाखवत नेलं. मोठ्या घरात पोस्टर वाचून आलेले त्रेचाळीस जण होते. सलूनवाला, स्टेशनरीवाली, एक बस कंडक्टर. कंपाउंडरसुद्धा, इथे येऊन रोज विनोद सांगत होता. 'तो पोस्टरवाला कोण आहे?' कोणीतरी विचारलेलं. 'वायरमन आहे म्हणे. उत्तरच देत नाही. शिष्ट दिसतो.' खाली सतरा जणांनी मान डोलावली होती.

"प्रोफेसर आहे का बघ तिथे," फ्यूज म्हणाला. जुन्या नंबरवर त्याने अकरा वेळा फोन केला होता. बंद. मग त्याने ठरवून टाकलं होतं, विसरला हरामखोर.

ताईने शोधलं. सापडला. ती वाचायला लागली.

"'पोचलो. फोन पाण्यात पडला, माझा-तुझा दोन्ही नंबर गेले, आपल्या घराची किल्ली पण त्यातच. इथे खोली घेतलीय, इथेच बोल.' मग, 'आहेस का रे?' मग हा फोटो. 'इथली वायरिंग बघ, तुला झोप येणार नाही.' मग, 'तीस माणसं राहू दे. दोघंच असलो तरी चालेल. बोल फक्त.'"

"पुढे?"

ताईने फोन खाली घेतला.

"वाच ना!"

"गुरुवारचं आहे. 'तुझ्या घराने इकडे कडी लावलीय हे आज कळलं. मला वाटत होतं बिघाड असेल. ठीक आहे. सांगून लावायचीस. रविवारी सहाला बंद करतो.'"

उभी ठेवलेली इस्त्री कलंडून खालचं कापड करपायला लागलं होतं. ताईने इस्त्री झटकन उचलली. घड्याळात पाच वाजून पंचवीस.

"उघड की ती कडी!"

"फोनवरून नाही उघडत. घरच्या मशीनवरूनच."

"उघडली की हे सगळं येईल ना तुझ्याकडे?"

"मागचं येत नाही. बाहेर पडलेलं बाहेरच राहतं."

ताईने दोन्ही अंगठ्यांनी लिहिलं, 'हा गाढव माझा भाऊ आहे, याने चुकून लावली, थांब.' पाठवलं. दोघं बघत राहिले. काही नाही. बाहेर कोणीतरी साडी घेऊन उभं होतं, तिकडेही कोणी बघेना.

"वाट बघ जरा. उत्तर देईल तो."

"मी दिलं होतं का?"

पुलापलीकडे खोली. सायकलने वीस मिनिटं, चढ धरून पंचवीस. दहा कागद टेबलावर तसेच, खळीची वाटी उघडी. बाहेर येऊन त्याने पायानेच सायकलचा स्टँड उडवला.

"अरे, घामाने भिजलायस, पाणी तरी पी!"

"सोड ताई. कडी काढून सहाच्या आत त्याला लिहायचंय. निघायला हवं मला आता."