नोंदीत नाव मिनोबेबाईंचं

जपानमधल्या तोयामातल्या त्या वृद्धाश्रमाचं नोंदींचं सॉफ्टवेअर माझं. कोणी, कधी, काय बदललं याचा इतिहास ते आपोआप ठेवतं. कुठल्या कॉम्प्युटरवरून बदललं हेही पूर्वी ठेवायचं. तपासणीला कागद फार होतात म्हणून आश्रमप्रमुख कुत्सुकी साहेबांनी तेवढी कटकट काढायला सांगितली आणि मी शहाणीने लगेच काढली.

वर्षाच्या शेवटच्या दिवशी दुपारच्या जेवणात तिथल्या रिवाजाप्रमाणे सोबाच्या, म्हणजे कुट्टूच्या पिठाच्या शेवया होत्या. हायाशिदा आजोबांना ॲलर्जीमुळे सोबा वर्ज्य. एक घास जिवावर बेतेल, असं त्यांच्या नोंदीच्या पानावर तिथल्या सेविका मिनोबेबाईंनीच लाल अक्षरात लिहिलं होतं. त्या दिवशी ती ओळ तिथे नव्हती. स्वयंपाकघराने पान पाहिलं आणि वाटी पाठवली. संध्याकाळपर्यंत आजोबा गेले.

इतिहासात निघालं: ओळ पुसली, सकाळी दहा चाळीस, मिनोबे.

तिथली रीत अशी, की सकाळी पहिली येणारी बाई आपल्या नावाने सगळे कॉम्प्युटर उघडून ठेवते आणि दिवसभर सहाही जणी त्याच नावावर लिहितात. पासवर्ड घालत बसून दुसरीला ताटकळत ठेवणं बरं दिसत नाही. पहिल्या येणाऱ्या कायम मिनोबेबाई.

"साहेब, तेव्हा त्या कुणाला तरी आंघोळ घालत होत्या म्हणतात," चौकशीच्या बैठकीत मी म्हटलं. "नाव त्यांचं, पण हात कुणाचाही असेल."

"कुणाचा?"

"ते आता कळणार नाही. कॉम्प्युटरची नोंद ठेवणं आपण काढून टाकलंय."

"मग आजोबांच्या मुलीला काय सांगू? कुणाचा तरी हात?"

बाकीच्या पाच जणी माना खाली घालून बसल्या होत्या. मला त्यांचा संताप आला, आणि त्याहून जास्त स्वतःचा.

बाहेर मिनोबेबाईंनी मला गाठलं. "तुझं यंत्र चुकतं का गं?"

"चुकत नाही. पण अर्धंच सांगतं."

"म्हणजे चुकत नाही. मी आता एकसष्टची. आंघोळ घालता घालता मध्येच उठून आले असेन, आणि विसरलेही असेन."

"नाही हो बाई, तुम्ही नव्हतात."

"तुला काय माहीत?"

मला खरंच माहीत नव्हतं.

दोन दिवसांनी त्यांनी माफीपत्रावर सहीच्या जागी आपला शिक्का मारला. आपण कुठल्या खुर्चीवर बसलो, आधी काय वाचलं आणि ती लाल ओळ कशी पुसली, हे सगळं त्यांनी त्यात बारकाव्यानिशी लिहिलं होतं.